जांभळे पान झेरॉक्सचे नसते

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत स्वप्रकाशनाच्या इतिहासावर जो लेख आला, त्यासोबत एका जुन्या विज्ञानकथा-फॅनझिनच्या, म्हणजे चाहत्यांनी स्वतःच काढून वाटलेल्या अंकाच्या, पानाचे छायाचित्र होते. खाली ओळ होती : 'झेरॉक्स काढून वाटलेला अंक'. पान जांभळ्या अक्षरांचे आहे. त्या काळी झेरॉक्स जांभळी निघत नसे, काळीच निघे.

चूक एवढीच असती तर हे पत्र लिहिले नसते. पण लेखाचा सगळा कालक्रम त्या एका ओळीवर उभा आहे : झेरॉक्स आली, पंक संगीतवाल्यांनी तिच्यावर अंक काढले आणि 'झिन' जन्माला आले. झेरॉक्सचे ९१४ क्रमांकाचे ऑफिसात वापरायचे यंत्र लोकांसमोर आले १९५९ साली. लंडनचे पंकवाल्यांचे 'स्निफिन ग्लू' निघाले १९७६ साली. 'फॅनझिन' हा शब्द मात्र रसेल शोव्हने या अमेरिकी विज्ञानकथाप्रेमीने ऑक्टोबर १९४०मध्ये आपल्या 'डीटूर्स' या अंकात घडवला, आणि ज्या वस्तूला तो लागू पडतो ती वस्तू त्याआधी दहा वर्षे टपालाने हिंडत होती. 'झिन' हे या शब्दाचे शेपूट. लेखाने शेपटाची जन्मतारीख जनावराला लावली आहे.

सुरुवात झाली ती वाचकांच्या टपालपत्त्यांपासून. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी एप्रिल १९२६मध्ये 'अमेझिंग स्टोरीज' हे केवळ विज्ञानकथांचे इंग्रजी मासिक काढले. त्यात वाचकांची पत्रे छापताना नावाखाली पूर्ण पत्ताही छापला जाई. परिणाम असा, की वाचक संपादकाला मधून वगळून थेट एकमेकांना लिहू लागले. दोघांच्या पत्रव्यवहाराला एक लेखणी पुरते. वीस जण झाले की तोच मजकूर वीस वेळा उतरवायचा कोणी? मे १९३०मध्ये सायन्स करस्पॉन्डन्स क्लबने 'द कॉमेट' काढले, संपादनात रेमंड पामर आणि वॉल्टर डेनिस. जुलैत न्यूयॉर्कच्या 'सायन्सीअर्स' मंडळाचे 'द प्लॅनेट' आले. म्हणजे ही वस्तू मुळात पत्राची प्रत आहे, मासिकाची धाकटी आवृत्ती नव्हे. हे ध्यानात घेतले नाही तर पुढचे काहीच नीट लागत नाही.

आता यंत्रांकडे. लेखात 'साध्या साधनांनी' एवढ्या दोन शब्दांत ती उरकली आहेत. अंक किती जणांना जाईल, किती पानांचा होईल, चित्रे कशी दिसतील हे सगळे या साधनांनी ठरवले, म्हणून जरा सविस्तर.

सर्वांत स्वस्त साधन म्हणजे हेक्टोग्राफ. उथळ ट्रेमध्ये जिलेटिन, ग्लिसरीन आणि पाणी यांचे गरम मिश्रण ओतून थिजवायचे. ग्लिसरीन ओलावा धरून ठेवते, त्यामुळे वडी सुकत नाही. गुळगुळीत कागदावर ॲनिलिन रंगाच्या शाईने, पेन्सिलीने किंवा खास फितीने मजकूर काढायचा आणि तो कागद वडीवर पालथा घालून काही मिनिटे दाबून ठेवायचा. रंग वडीत उतरतो, उलटा. मग त्यावर एकेक कोरा कागद ठेवून हात फिरवायचा आणि उचलायचा. अक्षरे सुलटी येतात. नाव शंभरावरून पडले असले तरी वाचण्याजोग्या प्रती पन्नासच्या आसपास संपतात, आणि शेवटच्या दहा प्रती आपण मनाने वाचायच्या. वडी उन्हाळ्यात मऊ पडून कागदाबरोबर तुकडे देते, थंडीत कडक होऊन रंग घेत नाही. ओल्या स्पंजाने वरचा रंग पुसला तरी आतला एक-दोन दिवस मुरू द्यावा लागतो. घाई केली की नव्या पानावर मागच्या पानाचे भूत उमटते. एक गुण मात्र मोठा : वेगवेगळ्या रंगांच्या पेन्सिली वापरल्या तर सगळे रंग एका दाबात येतात.

त्याच रंगाचा पुढचा अवतार म्हणजे स्पिरिट ड्युप्लिकेटर. अमेरिकेत त्याला 'डिट्टो' म्हणत, ब्रिटनमध्ये 'बांडा'. मूळ कागदाखाली मेणात कालवलेल्या रंगाचा कार्बन कागद तोंड वर करून ठेवायचा आणि टाइप करायचे. मूळ कागदाच्या पाठीवर उलटी अक्षरे चिकटतात. तो कागद सिलिंडरवर चढवतात. कोरा कागद आत जाताना अल्कोहोलच्या द्रावणाने किंचित ओला होतो आणि पाठीवरचा थोडा रंग विरघळवून घेतो. प्रत्येक प्रतीला मूळ पान थोडे झिजते. शंभर प्रती चांगल्या, दोनशेच्या पुढे ओढाताण. द्रावण जास्त सुटले तर अक्षरे पसरतात, कमी सुटले तर फिकी येतात. प्रती वाढतील तसा दाबाचा खटका एकेक घर पुढे न्यायचा असतो. तो सुरुवातीलाच पुढे नेला की पहिल्या तीस प्रती झकास आणि नंतर काहीच नाही. चूक झाली तर पाठीवरचे मेण पात्याने अलगद खरवडायचे, त्या जागी कार्बनचा ताजा तुकडा धरायचा आणि अक्षर पुन्हा मारायचे.

या चळवळीचा कणा मात्र मिमिओग्राफ. मराठी वाचकांना तो 'सायक्लोस्टाइल' म्हणून माहीत आहे. एडिसनच्या पेटंटांवरून शिकागोच्या ए. बी. डिक कंपनीने तो १८८७च्या सुमारास बाजारात आणला. लंडनमध्ये डेव्हिड गेस्टेटनर यांनी सायक्लोस्टाइलची कल्पना त्याआधीच लढवली होती. तत्त्व एका वाक्याचे : मेण चढवलेल्या पातळ, धागेदार कागदात, म्हणजे स्टेन्सिलमध्ये, अक्षराच्या आकाराची भोके पाडायची आणि ड्रमच्या आतली तेलकट शाई त्यातून बाहेर ढकलायची.

तत्त्व एका वाक्याचे, पण चुका डझनभर. टाइपरायटरची फीत बंद करायची, म्हणजे खटका 'स्टेन्सिल'वर न्यायचा. अक्षरांचे ठसे ताठ ब्रशाने घासायचे. 'e' आणि 'a' यांच्या पोटात मळ राहिला तर छपाईत काळे ठिपके येतात. 'o' जोरात मारला की मधली चकती गळून पडते आणि अक्षराच्या जागी शाईचा गोळा येतो. पूर्णविराम जोरात मारला तर कागद भोसकला जातो. म्हणून सराव असलेला माणूस 'o' आणि पूर्णविरामावर बोट हलके टाकतो, 'm' आणि 'w' वर जोर देतो. चकत्या गळू नयेत म्हणून स्टेन्सिलवर पातळ पारदर्शक पापुद्रा मिळे, पण त्याने अक्षरे थोडी जाड येत.

चूक दुरुस्त करायची रीत आधी शिकायची असते. स्टेन्सिलमागे जाड आधारकागद असतो. दोन्हींच्या मधे पेन्सिल सरकवून स्टेन्सिल उचलून धरायचे, नाहीतर दुरुस्तीचे द्रावण दोन्ही कागद एकमेकांना चिकटवते आणि सोडवताना पान फाटते. काचेच्या कांडीने चुकलेले अक्षर घासून मेण सपाट करायचे, मग द्रावणाचा एकच पातळ हात. अर्धा मिनिट थांबायचे आणि बरोबर अक्षर नेहमीपेक्षा हलके मारायचे. थांबायचा कंटाळा केला तर छपाईत तिथे डाग येतो. या द्रावणाला ('करेक्शन फ्लुइड') फॅनमंडळी थोडक्यात 'कॉर्फ्लू' म्हणत. १९८४पासून फॅनझिनवाल्यांचे जे संमेलन भरते त्याचे नावही तेच.

चित्रे टोकदार सळईने, खालून उजेड येणाऱ्या काचेवर स्टेन्सिल ठेवून कोरावी लागत. गोल रेघ नीट आली नाही तर कागद चिरतो. काळे भरीव क्षेत्र तर अशक्यच, कारण तेवढे मेण काढले की तिथे कागद उरत नाही. म्हणून जुन्या फॅनझिनांतली चित्रे बारीक रेघांची आणि ठिपक्यांची आहेत. तिला 'भाबडी शैली' म्हणणे बरोबर नाही. भरीव काळे मागणाऱ्या चित्रकाराला स्टेन्सिलच नकार देत असे. पुढे ठिणगीने भोके पाडणारी इलेक्ट्रॉनिक स्टेन्सिले आली, तेव्हा चित्रे एकदम काळीकुट्ट झाली.

स्टेन्सिल ड्रमवर चढवताना वरची कडा अडकवून खालची ताणून धरायची आणि ड्रम हळू फिरवत ते बसवायचे. एक सुरकुती राहिली तर प्रत्येक प्रतीवर विजेसारखी काळी रेघ. कागद शोषक, खरखरीत हवा. गुळगुळीत बाँड कागदावर तेलकट शाई बसतच नाही, वरच्या पानाच्या पाठीवर उतरते. तसाच कागद वापरायचा असेल तर दर दोन पानांत एक रद्दी कागद घालत जायचे, म्हणजे एकाने यंत्र फिरवायचे आणि दुसऱ्याने कागद टाकायचे. पाठपोट छपाई असेल तर पहिली बाजू रात्रभर मुरू द्यावी, नाहीतर ओढणाऱ्या रबरी चाकांच्या दोन पट्ट्या सगळ्या पानांवर उमटतात. हवा कोरडी असली की पाने एकमेकांना चिकटून जोडीने आत जातात. गठ्ठा पत्त्यांसारखा फुलवून मधे हवा भरावी लागते.

हिशेब केला की हे किती मोठे काम होते ते कळते. २४ पानी अंकाच्या १०० प्रती म्हणजे २४ स्टेन्सिले, १,२०० ताव आणि यंत्राचे २,४०० फेरे. वाया जाणारा कागद धरून अडीच रिमे. मग ताव टेबलाभोवती १२ ठिकाणी ठेवायचे आणि गोल फिरत उचलायचे, शंभर फेऱ्या. डाव्या कडेला दोन किंवा तीन स्टेपल. आता वजन. अमेरिकी २० पौंडी कागदाचे ५०० ताव ५ पौंड भरतात (२० हा आकडा कापण्याआधीच्या चौपट मोठ्या तावांचा), म्हणजे १२ ताव १.९२ औंस. टपालाचा दर औंसावर ठरत असेल तर पाकीट घातले की दोन औंसांची रेघ ओलांडली. म्हणून अंक मधोमध दुमडून, एक पिन मारून, शेवटच्या पानाच्या कोऱ्या अर्ध्या भागावरच पत्ता लिहीत. १६ पौंडी कागद घेतला तर वजन दीड औंसाच्या जरा वर राहते, पण पाठीमागची छपाई आरपार दिसते. वाचकाचे डोळे की टपालाचा खर्च, हा निर्णय दर अंकाला नव्याने घ्यायचा.

खिळे जुळवून छापणारे वेडेही होते. बेलफास्टच्या वॉल्ट विलिस यांचे 'स्लँट' (१९४८–५३) हाताने जुळवलेल्या खिळ्यांचे, त्यात लिनोकट आणि लाकडी ठशांची चित्रे. पण 'स्लँट' बंद करायच्या आधीच, १९५२मध्ये, त्यांनी मिमिओग्राफवर 'हायफन' सुरू केले, यातच काय ते आले.

या शंभर-दोनशे प्रतींच्या मर्यादेने वाटपाची पद्धत ठरवली, आणि स्वप्रकाशनाच्या इतिहासात फॅनझिनांची खरी जागा तिथे आहे. लेखात 'नाकारलेल्या लेखकांचे व्यासपीठ' म्हटले आहे. तसे ते काही जणांसाठी होतेही. जेरी सीगल यांनी १९३२–३३मध्ये क्लीव्हलंडहून मिमिओग्राफवर 'सायन्स फिक्शन' नावाचे पाच अंक काढले. जानेवारी १९३३च्या अंकात त्यांची 'सुपरमॅन' नावाच्या खलनायकाची कथा आली, चित्रे जो शुस्टर यांची. पाच वर्षांनी त्याच दोघांचा त्या नावाचा नायक छापून आला. पुढे विज्ञानकथाकार म्हणून गाजलेल्या रे ब्रॅडबरी यांनी १९३९–४०मध्ये 'फ्युचुरिया फँटेशिया'चे चार अंक काढले. पण बहुसंख्य फॅनझिनांत कथा नव्हत्याच. चर्चा, टीका, थट्टा, भांडणे आणि पत्रे होती.

अंक विकत मिळत नसे असे नाही, पण नाणे हा सर्वांत कमी मानाचा मार्ग होता. 'द युज्युअल', म्हणजे नेहमीचा मोबदला, असा : लेख किंवा चित्र द्या, तुमचा अंक बदल्यात पाठवा, नाहीतर आमच्या अंकावर अभिप्रायाचे पत्र लिहा. या पत्राला एलओसी ('लेटर ऑफ कॉमेंट') म्हणतात. आपल्याकडे ही अक्षरे वाचून सीमारेषा आठवेल, आणि काही पत्रे वाचता ते चूकही नाही. शेवटच्या पानावर चौकटींची यादी असे, 'तुम्हाला हा अंक का आला आहे' : तुमचे पत्र छापले आहे, आपला अदलाबदल आहे, तुमचा उल्लेख आहे, काहीतरी करा नाहीतर हा शेवटचा अंक. संपादक हाताने एका चौकटीत फुली मारी. १०० प्रती काढणाऱ्याला गप्प वाचक परवडत नव्हता, त्याची जागा बोलणाऱ्याला हवी होती. स्वप्रकाशनाच्या इतर परंपरांत लेखक वाचक शोधतो. इथे वाचक टिकायचा तर त्याला लिहिणे भाग होते.

ही पद्धत सर्वस्वी नवी नव्हती, हेही लेखातून सुटले. अमेरिकेत टेबलावर मावणाऱ्या छापखान्यांवर हौशी पत्रे काढणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना १८७६मध्ये फिलाडेल्फियात स्थापन झाली. भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्ट १९१४मध्ये अशाच दुसऱ्या संघटनेत शिरले. डोनाल्ड वोल्हाइम यांनी १९३७मध्ये हा साचा उचलून 'फँटसी अमॅच्युअर प्रेस असोसिएशन', म्हणजे 'फापा', उभी केली. प्रत्येक सभासदाने आपल्या पानांच्या ठरलेल्या प्रती काढून अधिकृत संपादकाकडे पाठवायच्या, त्याने प्रत्येकाची एकेक प्रत घेऊन गठ्ठे बांधायचे आणि सर्वांना परत धाडायचे. वर्षाला चार गठ्ठे. सभासद पुढे ६५वर रोखले, वर्षाला किमान आठ पानांची अट. आठ पाने न देणारा बाहेर, प्रतीक्षायादीतला आत. ६५ हा आकडा पाहिला की डिट्टोवरची पाने निगुतीने काढणाऱ्यालाही तो का झेपत होता ते समजते. युद्धकाळात लीड्सहून मायकल रोझेनब्लूम यांनी 'फ्युचुरियन वॉर डायजेस्ट' (१९४०–४५) चालवले. कागदाची टंचाई असताना इतरांचे एक-दोन पानी अंकही ते आपल्या अंकासोबत धाडत. गठ्ठ्याची सवय तिथे कामी आली.

टाइप केलेल्या पानाला चेहरा नसतो, याचा एक नमुना : अमेरिकेतल्या सव्हानाहून १९५० ते ५३ 'क्वांड्री' काढणाऱ्या ली हॉफमन या तरुणी आहेत, हे बहुतेकांना १९५१च्या न्यू ऑर्लिअन्सच्या विज्ञानकथा-संमेलनात त्या समोर उभ्या राहिल्या तेव्हा कळले.

इथून पुढची वाट लेखाच्या उलट दिशेने जाते. १९६०–६३च्या 'झीरो' या फॅनझिनात विज्ञानकथेसोबत जुन्या कॉमिक्सवरील लेखमाला होती. १९६१मध्ये जेरी बेल्स यांनी कॉमिक्सवरचे 'ऑल्टर ईगो' काढले, डिट्टोवर. पॉल विल्यम्स विज्ञानकथा-फॅनझिन काढत आलेले. १९६६मध्ये त्यांनी रॉक संगीतावरचे 'क्रॉडॅडी' मिमिओग्राफवर काढले, पहिल्या अंकाच्या ५०० प्रती. १९६७मध्ये 'स्टार ट्रेक' या टीव्ही मालिकेवरचे 'स्पॉकनेलिया' आले. पंकची पाने या रांगेत दहा वर्षांनी येऊन उभी राहतात. 'फॅक्टशीट फाइव्ह' या १९८२पासूनच्या नियतकालिकाने सर्व प्रकारच्या झिनांची यादी आणि परीक्षणे छापली. त्याचे संस्थापक माइक गंडरलॉय यांनी नावही एका विज्ञानकथेवरून घेतले. पंकने काय दिले? कात्री-डिंकाची मांडणी आणि उद्धटपणा. दोन्ही मोलाचे, आणि दोन्हींना झेरॉक्स लागते. स्टेन्सिलवर कात्रण चिकटवता येत नाही.

जुने अंक कोणाच्या हाती आले तर ओळखायचे कसे, हेही सांगतो. जांभळी अक्षरे आणि गुळगुळीत कागद : स्पिरिट ड्युप्लिकेटर. जांभळीच, पण कडा विरघळलेल्या आणि एकाच अंकाच्या दोन प्रतींच्या गडदपणात मोठा फरक : बहुधा हेक्टोग्राफ. काळी अक्षरे, खरखरीत पिवळट किंवा रंगीत कागद, काही 'o' बुजलेले आणि अक्षराभोवती तेलाची बारीक कड : मिमिओग्राफ. काळी चकचकीत, नखाने खरवडली तर कपचा निघणारी : झेरॉक्स. अंकावर तारीख नसेल तर शेवटच्या पानावरचा टपालाचा शिक्का पाहावा. म्हणून पत्ता आणि फुल्यांची चौकट असलेले ते पान 'मजकूर नाही' म्हणून कधीही टाकू नये.

गंजलेल्या पिना उपटू नयेत. मागची टोके पातळ पात्याने सरळ करून ओढाव्यात. लॅमिनेशन अजिबात नको. जांभळी पाने वेगळ्या पाकिटात ठेवावीत, रंग शेजारच्या कागदावर उतरतो. पाकीट पॉलिएस्टरचे, पीव्हीसीचे नव्हे. स्कॅन करताना पानामागे काळा कागद ठेवला की पाठची छपाई कमी दिसते. स्कॅन रंगीत करावे, ३०० ते ४०० डीपीआयवर. शुद्ध काळे-पांढरे केले तर फिकी जांभळी अक्षरे कायमची गेली. आयोवा विद्यापीठातला हेवलिन संग्रह आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेतला ईटन संग्रह ही हे अंक मोठ्या प्रमाणावर सांभाळणारी ठिकाणे आहेत.

आता त्या छायाचित्राबद्दल शेवटचे. अक्षरे टाइप केलेली, कडा स्वच्छ, रंग पानभर सारखा. ते पान स्पिरिट ड्युप्लिकेटरचे असावे. पण चित्रात ते काचेच्या चौकटीत, खिडकीसमोरच्या भिंतीवर टांगलेले दिसते. हा रंग उजेडाने उडतो आणि परत आणता येत नाही. मालकांना कृपया कळवावे, की मूळ पान काढून कपाटात ठेवा आणि चौकटीत त्याची रंगीत झेरॉक्स लावा. मग छायाचित्राखालची ओळही बदलायला नको.

आपले,
जुन्या छपाईयंत्रांत रस असलेले काही वाचक